खुकरी : एका स्वस्त युद्धनौकेची तेरा वर्षे

मावळ तालुक्याला समुद्र नाही. तळेगाव दाभाड्याजवळ इंद्रायणीकाठी वसलेल्या आमच्या आंबी गावातून पश्चिमेकडे नजर टाकली तर सह्याद्रीची रांग दिसते, आणि समुद्र त्याच्याही पलीकडे, घाट उतरून गेल्यावर. तरीही नौदल या तालुक्याला परके नाही. लोणावळ्यात भुशी धरणाच्या पुढे, टायगर पॉइंटकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘आयएनएस शिवाजी’ हा नौदलाचा तळ आहे. पावसाळ्यात तिथून जाणारे पर्यटक नावातले ‘आयएनएस’ वाचून जहाज कुठे आहे म्हणून विचारतात. जहाज अर्थातच नाही. जमिनीवरच्या तळालाही जहाजासारखे नाव द्यायची नौदलाची जुनी रीत आहे, इतकेच.

हा तळ १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ‘एचएमआयएस शिवाजी’ या नावाने सुरू झाला. २६ जानेवारी १९५० नंतर तो ‘आयएनएस शिवाजी’ झाला. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, धुक्यात आणि धो धो पावसात, नौदलाच्या यांत्रिकी शाखेची माणसे तयार होऊ लागली. बॉयलर पेटवणे, वाफेचा दाब राखणे, टर्बाइन चालवणे, पंप दुरुस्त करणे ही कामे ती येथे शिकत आणि मग मुंबई, कोची, विशाखापट्टणमच्या जहाजांवर जात. जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली काम करणारी ही माणसे. लढाई वर चालू असते, पण ती त्यांना दिसत नाही.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर ‘आयएनएस खुकरी’ ही फ्रिगेट बुडाली, तेव्हा तिच्या पोटात अशीच माणसे होती. त्या रात्री १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने युद्धात गमावलेली ही एकमेव युद्धनौका. दुसऱ्या महायुद्धानंतर जगात पाणबुडीने बुडवलेली पहिली युद्धनौकाही हीच.

खुकरी म्हटले की आपल्याकडे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला आठवतात, आणि ते योग्यच आहे. मात्र कप्तानाच्या बलिदानाची गोष्ट सांगताना जहाजाची गोष्ट मागे पडली. ही नौका कुठे, कशासाठी, किती खर्चाच्या हिशेबाने बांधली गेली? तिच्याकडून कोणते काम अपेक्षित होते आणि तिला प्रत्यक्षात कोणते काम सांगितले गेले? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या रात्रीची ती काही मिनिटे अधिक नीट समजतात. मी हा लेख लिहायला घेतला तो त्यासाठी.

नेल्सनच्या कप्तानांची भावंडे

खुकरीचा जन्म इंग्लंडचा. आइल ऑफ वाइट बेटावरील काउझ या गावी जे. सॅम्युएल व्हाइट कंपनीच्या गोदीत तिची बांधणी झाली. २० नोव्हेंबर १९५६ रोजी ती पाण्यात उतरली आणि १६ जुलै १९५८ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. तिचा वर्ग ‘टाइप १४’, म्हणजेच ‘ब्लॅकवूड’ वर्ग. ब्रिटिश नौदलाने स्वतःसाठी या वर्गाच्या बारा नौका बांधल्या आणि त्यांना नेल्सनच्या काळातील कप्तानांची नावे दिली. भारताने तीन घेतल्या आणि त्यांना शस्त्रांची नावे दिली : खुकरी, किरपाण आणि कुठार.

या वर्गामागची कल्पना समजून घ्यायला हवी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिक महासागरात ब्रिटनच्या व्यापारी जहाजांची दाणादाण उडवली होती. पुढचे युद्ध सोव्हिएत संघाशी झाले तर तेच पुन्हा होणार, ही भीती १९५० च्या दशकात ब्रिटिशांना होती. त्यासाठी पाणबुड्यांचा पाठलाग करणाऱ्या पुष्कळ नौका हव्या होत्या. उत्तम नौका म्हणजे टाइप १२, पण ती महाग. तेव्हा तिच्या जोडीला लहान, स्वस्त आणि लवकर बांधता येईल अशी दुय्यम दर्जाची नौका आखण्यात आली, ती टाइप १४. मोठ्या संख्येने बांधायच्या, व्यापारी तांड्याभोवती लावायच्या, एखादी गेलीच तर दुसरी आहेच, असा तो हिशेब होता.

स्वस्ताई कुठे कुठे केली ते आकड्यांत दिसते. लांबी सुमारे साडेचौऱ्याण्णव मीटर, रुंदी अवघी दहा मीटर. वजन सुमारे बाराशे टन, पूर्ण भरल्यावर दीड हजारांच्या आसपास. दोन बॉयलर, एक वाफेचे टर्बाइन आणि एकच पंखा. मोठ्या फ्रिगेटला दोन पंखे असतात, एक निकामी झाला तर दुसऱ्यावर बंदर गाठता येते. टाइप १४ ला ती सोय नव्हती. तोफा म्हणाव्यात तर ४० मिलिमीटरच्या तीन बोफोर्स, त्याही मुख्यतः विमानांसाठी. खरे हत्यार एकच : नौकेच्या मागच्या भागात बसवलेल्या दोन ‘लिंबो’ उखळी तोफा. त्यातून पाणसुरुंग हवेत फेकले जात आणि ते ठरावीक खोलीवर जाऊन फुटत. त्यांचा पल्ला सुमारे ९०० मीटर.

म्हणजे टाइप १४ ही एका कामाची नौका होती. पाणबुडी शोधायची आणि तिच्या अंगावर जाऊन पाणसुरुंग टाकायचे. हे काम तिने त्या काळाच्या मानाने चांगले केलेही असते. पण तिचे अंग इतके लहान होते की पुढे नवी यंत्रणा बसवायला जागा उरत नव्हती. आइसलँडजवळच्या खवळलेल्या समुद्रात गस्त घालायची वेळ आली तेव्हा ब्रिटिशांना आपल्या टाइप १४ नौकांचे सांगाडे मजबूत करून घ्यावे लागले. ब्रिटिश नौदलाने या नौका हळूहळू मोडीत काढल्या. त्यांतल्या ‘हार्डी’ या नौकेला १९८३ मध्ये सरावाचे लक्ष्य करून बुडवण्यात आले.

भारताने त्या घेतल्या तेव्हाचा काळही लक्षात घ्यावा. फाळणीनंतर नौदलाच्या वाट्याला आलेली बहुतेक जहाजे महायुद्धात झिजलेली होती. १९५० च्या दशकात ब्रिटनकडे आठ नव्या फ्रिगेटची मागणी नोंदवली गेली : टाइप १२ च्या ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’, टाइप ४१ च्या ‘ब्रह्मपुत्र’, ‘बियास’ आणि ‘बेतवा’, आणि टाइप १४ च्या या तीन. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाने केलेली ती खरेदी होती. त्या दिवसांत ती चुकीची म्हणता येत नाही. पाकिस्तानकडे तेव्हा एकही पाणबुडी नव्हती.

शांततेतली वर्षे

खुकरीच्या तेरा वर्षांच्या सेवेत गाजावाजा फारसा नाही. बहुतेक युद्धनौकांचे आयुष्य असेच जाते : सराव, गस्त, गोदीतली दुरुस्ती, पुन्हा सराव. तिच्या वाट्याला आलेला एक मोठा प्रसंग म्हणजे डिसेंबर १९६१ मधले ‘ऑपरेशन विजय’. गोव्याच्या मुक्तीसाठी नौदलाने आपली जहाजे वेगवेगळ्या गटांत विभागली होती. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेभोवती जो गट होता त्यात ‘दिल्ली’, ‘रजपूत’, ‘किरपाण’, ‘कुठार’ आणि ‘खुकरी’ होत्या. गोव्याच्या किनाऱ्यावरची लढाई इतरांनी केली. या गटाने भर समुद्रात पहारा दिला. तीनही भावंडे त्या वेळी एकत्र होती.

याच काळात समुद्राखालचे चित्र बदलत होते. १९६४ मध्ये पाकिस्तानने अमेरिकेकडून ‘गाझी’ ही जुनी पाणबुडी मिळवली. भारताची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी दाखल झाली. त्यानंतर पाकिस्तानने फ्रान्सकडून ‘डॅफने’ वर्गाच्या तीन अगदी नव्या पाणबुड्या घेतल्या : हंगोर, शुशुक आणि मॅंग्रो. डॅफने पाणबुडी लहान होती, जेमतेम अठ्ठावन्न मीटर लांब आणि पाण्याखाली सुमारे हजार टनांची. मात्र ती अतिशय शांत चालत असे, तीनशे मीटरपर्यंत खोल जाऊ शकत असे आणि तिला टॉर्पेडोच्या बारा नळ्या होत्या. खुकरीचा आराखडा महायुद्धाच्या अनुभवातून आला होता. डॅफनेचा आराखडा त्या अनुभवाला उत्तर म्हणून आला होता. दोघींच्या जन्मात बारा-तेरा वर्षांचेच अंतर, पण तंत्राच्या दृष्टीने एक पिढी उलटलेली.

भारतीय नौदलाला हे माहीत नव्हते असे नाही. सोव्हिएत संघाकडून १९६८ पासून ‘पेट्या’ वर्गाच्या नव्या पाणबुडीविरोधी नौका येऊ लागल्या होत्या. पाणबुडी शोधणारी सी किंग हेलिकॉप्टरे १९७१ मध्येच नौदलात दाखल झाली. पण युद्ध आले तेव्हा ही नवी साधने मोजकी होती आणि कामे पुष्कळ.

कोण आधी ऐकतो

येथे थोडे तंत्र समजून घेऊ, कारण खुकरीचे भवितव्य त्यातच ठरले.

पाण्याखाली डोळ्यांचा उपयोग नाही, रडारचाही नाही. तेथे कामाला येतो तो आवाज. नौकेच्या तळाशी बसवलेले सोनार पाण्यात ध्वनीची लाट सोडते. ती पाणबुडीवर आपटून परत आली की दिशा आणि अंतर कळते. दुसरी पद्धत म्हणजे स्वतः गप्प राहून समोरच्याच्या पंख्याचा, यंत्रांचा आवाज ऐकणे. पाणबुडी बहुतेक वेळा दुसरी पद्धत वापरते. युद्धनौका पहिली वापरते, आणि ती वापरताना आपण कुठे आहोत हे सगळ्या समुद्राला सांगत असते.

यात दोन अडचणी आहेत. पहिली पाण्याच्या थरांची. उन्हाळ्यात विहिरीत सूर मारणाऱ्या कुठल्याही पोराला माहीत असते की वरचे पाणी कोमट आणि हातभर खाली गेले की एकदम गार. समुद्रातही असे थर असतात. तापमान बदलते तिथे ध्वनीची लाट वळते. पाणबुडी अशा थराखाली जाऊन बसली की वरच्या नौकेचे सोनार तिच्या डोक्यावरून निघून जाते. पाणबुडी मात्र हवे तेव्हा वर-खाली करून जिथून नीट ऐकू येते ती जागा निवडू शकते. युद्धनौकेला ही मुभा नाही. तिचे कान तिच्या तळाशी ठोकलेले असतात.

दुसरी अडचण वेगाची. धावत्या एसटीत मागच्या बाकावरचे बोलणे पुढच्याला ऐकू येत नाही. जहाज जोरात चालले की त्याच्याच पंख्याचा आणि कापल्या जाणाऱ्या पाण्याचा आवाज सोनारमध्ये भरतो. म्हणून पाणबुडी शोधणाऱ्या नौकेला वेग कमी ठेवावा लागतो. पण सरळ रेषेत सावकाश चाललेली नौका म्हणजे पाणबुडीसाठी सोपे लक्ष्य. ऐकायचे तर हळू चालले पाहिजे, वाचायचे तर जोरात आणि वाकडेतिकडे चालले पाहिजे. खुकरीसारख्या नौकेच्या कप्तानापुढे हा पेच सतत असे.

खुकरीवर १७०/१७४ जातीचे सोनार होते. त्याचा पल्ला वाढवण्यासाठी नौदलातलेच एक तरुण अधिकारी लेफ्टनंट वीरेंद्रकुमार जैन यांनी एक जोड-उपकरण तयार केले होते आणि ते युद्धाच्या काळात खुकरीवर त्याची चाचणी घेत होते. जुन्या सोनारला नवे कान लावण्याचा तो प्रयत्न होता. त्या उपकरणाचा फायदा मिळण्यासाठी वेग कमी ठेवणे आवश्यक होते. खुकरी ९ डिसेंबरला सुमारे १२ नॉट, म्हणजे ताशी बावीस किलोमीटरच्या चालीने जात होती. तिचा पूर्ण वेग याच्या दुपटीहून अधिक होता. जैन त्या रात्री परतले नाहीत.

९ डिसेंबर

युद्ध ३ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झाले. ४ आणि ५ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, ते ‘ऑपरेशन ट्रायडंट’. त्यांच्यासोबत ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ या दोन नव्या पेट्या होत्या. ८ डिसेंबरच्या रात्रीच्या ‘ऑपरेशन पायथन’मध्ये ‘विनाश’ या क्षेपणास्त्र नौकेबरोबर ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’ गेल्या. या दोन्ही मोहिमा अत्यंत यशस्वी ठरल्या आणि नौदल दिन आजही ४ डिसेंबरला साजरा होतो. पण यादी पुन्हा वाचावी : पश्चिम किनाऱ्यावरच्या चांगल्या पाणबुडीविरोधी नौका कराचीच्या दिशेने गुंतलेल्या होत्या.

पाणबुडी ‘हंगोर’ मात्र आधीच मुंबईच्या बाजूला येऊन बसली होती. तिचे कमांडर होते अहमद तस्नीम. युद्धाला तोंड फुटण्यापूर्वीच तिने भारतीय ताफा जाताना पाहिला होता, पण तेव्हा हल्ल्याची परवानगी नव्हती. पुढे तिच्या वातानुकूलन यंत्रणेत बिघाड झाला आणि पृष्ठभागावर येऊन दुरुस्ती करावी लागली. या काळात तिने पाठवलेले बिनतारी संदेश भारतीय नौदलाने टिपले. दीवच्या परिसरात पाणबुडी आहे हे कळल्यावर तिचा माग काढण्याची कामगिरी १४ व्या फ्रिगेट स्क्वाड्रनला देण्यात आली. हे स्क्वाड्रन म्हणजे आपली तीन भावंडे. त्यांचे प्रमुख आणि खुकरीचे कप्तान होते महेंद्रनाथ मुल्ला. ते मूळचे गोरखपूरचे, तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे.

तीनपैकी एक भावंड आधीच कमी झाले होते. युद्धाच्या पहिल्या दिवसांतच ‘कुठार’च्या बॉयलर-खोलीत स्फोट झाला आणि तिला ओढून मुंबईला न्यावे लागले. एक पंखा आणि वाफेची एकच यंत्रणा यांचा अर्थ तिथे दिसला. म्हणून ‘हंगोर’च्या शोधाला दोनच निघाल्या, खुकरी आणि किरपाण.

९ डिसेंबरच्या सकाळी ‘हंगोर’ने या दोन नौकांचा आवाज ऐकला. दिवसभर ती त्यांच्या चालीचा अंदाज घेत राहिली आणि संध्याकाळी त्यांच्या वाटेवर जाऊन थांबली. पहिला टॉर्पेडो ‘किरपाण’वर सोडला, तो फुटलाच नाही. दुसरा खुकरीवर सोडला. रात्री पावणेनऊच्या सुमारास तो खुकरीखाली फुटला.

टॉर्पेडो जहाजाच्या तळाखाली फुटतो तेव्हा नुसते भोक पडत नाही. स्फोटाचा वायूचा बुडबुडा जहाज मधोमध उचलतो, मग खालचा आधार जातो आणि जहाजाचा कणाच मोडतो. बाराशे टनांच्या, हलक्या बांधणीच्या नौकेला यातून सावरणे शक्य नव्हते. वीज गेली, जहाज कलले आणि काही मिनिटांत बुडाले.

या काही मिनिटांत मुल्ला यांनी काय केले ते वाचलेल्यांनी सांगितले आहे. त्यांनी जहाज सोडण्याची आज्ञा दिली, माणसांना पाण्यात उतरवण्याची व्यवस्था पाहिली, आपले जीवरक्षक जाकीट एका खलाशाला दिले आणि स्वतः वर, ब्रिजवर परत गेले. जहाजाबरोबर ते गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. बुडत्या जहाजासोबत कप्तानाने जावे असा नौदलाचा कोणताही नियम नाही. तो निर्णय त्यांचा एकट्याचा होता.

आकडे काय सांगतात

खुकरीवरचे ६ अधिकारी आणि ६१ खलाशी वाचले. जगले ते आणि गेले ते यांची बेरीज केली की जहाजावर २४ अधिकारी आणि २३७ खलाशी होते असे दिसते. एकूण २६१. ज्या नौकेची रचना ब्रिटिशांनी सव्वाशेच्या आत-बाहेर माणसांसाठी केली होती, तिच्यावर युद्धाच्या वेळी दुपटीहून अधिक माणसे होती.

बुडत्या जहाजावर वरच्या डेकवरचे अधिकारी वाचतात आणि खालच्या मजल्यांवरचे खलाशी अडकतात, असा आपला सर्वसाधारण समज असतो. खुकरीचे आकडे वेगळे बोलतात. अधिकाऱ्यांपैकी शेकडा ७५ गेले, खलाशांपैकी शेकडा ७४. प्रमाण जवळजवळ एकच. माझ्या मते याचे दोन अर्थ आहेत. एक, जहाज इतक्या झपाट्याने गेले की कोण कुठल्या मजल्यावर होता याने फारसा फरक पडला नाही. दोन, अधिकाऱ्यांनी आधी स्वतःची वाट धरली नाही. तसे झाले असते तर आकड्यांत ते दिसले असते. मुल्ला यांचे जाणे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांच्यासोबत आणखी सतरा अधिकारी गेले हे क्वचितच सांगितले जाते. आणि १७६ खलाशी हा तर नुसता आकडाच होऊन बसला आहे.

दुसरा वादाचा मुद्दा ‘किरपाण’चा. खुकरी बुडाल्यावर किरपाण तेथून दूर गेली आणि दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’सोबत परतून त्यांनी वाचलेल्यांना पाण्यातून काढले. रात्रभर माणसे समुद्रात होती. सोबतिणीला सोडून ती गेली कशी, असे तेव्हापासून विचारले जाते. हा प्रश्न विचारणाऱ्यांत आपली माणसे गमावलेली घरे आहेत, त्यामुळे तो हलक्याने घेता येत नाही. पण त्याच्या बाजूला २२ सप्टेंबर १९१४ ची एक घटना ठेवावी लागते. त्या दिवशी उत्तर समुद्रात जर्मन पाणबुडी ‘यू-९’ ने ब्रिटिशांची ‘अबूकिर’ ही क्रूझर बुडवली. तिच्या माणसांना वाचवायला ‘होग’ थांबली, ती बुडाली. मग ‘क्रेसी’ थांबली, तीही बुडाली. दीड तासाच्या आत १,४०० हून अधिक माणसे गेली. त्या दिवसापासून जगभरच्या नौदलांनी धडा घेतला की पाणबुडी जवळ असताना दुसऱ्या नौकेने थांबायचे नाही. किरपाणवर तर तिसरा टॉर्पेडो सोडण्यात आलाच होता. ती थांबली असती तर १९४ ऐवजी आकडा कितीवर गेला असता, याचा विचार करूनच तिच्या कप्तानाच्या निर्णयाकडे पाहायला हवे.

तिसरा मुद्दा वेगाचा. खुकरी इतकी हळू का चालली होती, हा प्रश्न नौदलाच्या अभ्यासकांनीही विचारला आहे. व्हाइस ॲडमिरल जी. एम. हिरानंदानी यांनी लिहिलेल्या नौदलाच्या इतिहासात या रात्रीची सविस्तर चर्चा आहे. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी वाचलेल्यांच्या आठवणींचे पुस्तक केले, त्यातही हा विषय येतो. माझ्या वाचनातून मला असे वाटते की दोष एका उपकरणाला किंवा एका आज्ञेला देऊन भागणार नाही. खुकरी १२ नॉटने चालली नसती तर तिला काहीच ऐकू आले नसते. १२ नॉटने चालली म्हणून ती लक्ष्य झाली. ९०० मीटर पल्ल्याचे हत्यार असलेल्या नौकेला, कित्येक किलोमीटरवरून मारा करणाऱ्या आणि तिच्या आधी ऐकणाऱ्या पाणबुडीच्या शोधात पाठवले गेले, तिथेच पारडे झुकलेले होते. त्या रात्री दुसरी नौका उपलब्ध नव्हती म्हणून खुकरी गेली. मुल्ला यांना आपली नौका काय आहे हे ठाऊक होते. पाणबुडीविरोधी स्क्वाड्रनच्या प्रमुखाला ते ठाऊक नसणे शक्यच नव्हते. हे सारे लक्षात घेतले की त्यांच्या अखेरच्या निर्णयाचे वजन वाढते, कमी होत नाही.

१९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही क्रूझर ब्रिटिश पाणबुडीने बुडवली आणि ३२३ माणसे गेली. ती नौका तर १९४१ च्या पर्ल हार्बरच्या हल्ल्यातून वाचलेली अमेरिकन ‘फीनिक्स’ होती, चार दशके जुनी. तिथेही नव्या पाणबुडीपुढे जुनी युद्धनौका होती. खुकरी वयाने इतकी म्हातारी नव्हती. पण वय नुसते वर्षांत मोजले तर फसायला होते. समोर कोण आहे त्यावरून युद्धनौकेचे वय ठरते.

नंतर

‘हंगोर’च्या शोधात भारतीय नौदलाने चार दिवस समुद्र पिंजून काढला, पण ती निसटली आणि कराचीला पोचली. आज ती तिथल्या सागरी संग्रहालयात उभी आहे. किरपाण आणि कुठार १९७८ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या तटरक्षक दलाकडे गेल्या. लढाईतून त्यांना बाजूला करून तस्करी रोखणे आणि गस्त ही कामे देण्यात आली, जी त्यांच्या ताकदीला शोभणारी होती.

नौदलात बुडालेल्या जहाजाचे नाव पुढच्या जहाजाला देतात. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली नवी ‘खुकरी’ २३ ऑगस्ट १९८९ रोजी दाखल झाली. ही क्षेपणास्त्रे वाहणारी कॉर्व्हेट होती. बत्तीस वर्षे सेवा करून २३ डिसेंबर २०२१ रोजी ती निवृत्त झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये संग्रहालयासाठी दीवला देण्यात आली. जुन्या खुकरीचे स्मारक तेथेच, समुद्राकडे तोंड करून आहे. एकाच नावाच्या दोन नौका, एक किनाऱ्यावर आणि एक त्याच किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळाशी.

लोणावळ्याच्या ‘शिवाजी’ तळावर आता गॅस टर्बाइनही शिकवतात. वाफेचे युग सरत आले. त्याच आवारात नौदलाची आणखी एक शाळा आहे, जिथे जहाजाला आघात झाल्यावर काय करायचे ते शिकवले जाते. तिथे जहाजाच्या आतल्या भागाची प्रतिकृती आहे. ती कलते, डोलते, भोकांतून पाणी आत घुसते आणि तरुण खलाशांना छातीभर पाण्यात, अंधारात लाकडी पाचरी ठोकून ती भोके बुजवावी लागतात. आमच्या मावळात, सह्याद्रीच्या माथ्यावर, रोज कुणीतरी जहाज बुडू नये म्हणून झटत असते.

खुकरीवर त्या रात्री हे कौशल्य वापरायलाही वेळ मिळाला नाही. तेव्हा तिच्याकडून शिकायचा धडा पाचरी ठोकण्याच्या आधीचा आहे. स्वस्तातली नौका घेणे हा गुन्हा नव्हे, गरीब देशाला ते करावे लागते. पण ती कोणत्या कामाला पुरी पडेल याचा हिशेब दरवर्षी नव्याने मांडावा लागतो, कारण समोरचाही दरवर्षी बदलत असतो. १९५६ मध्ये बरोबर असलेला हिशेब १९७१ पर्यंत तसाच ठेवला गेला आणि मधला फरक १९४ माणसांनी भरून काढला. दर ९ डिसेंबरला कप्तान मुल्ला यांना वंदन करताना हेही आठवावे, आणि १७६ या आकड्यातल्या प्रत्येकाला एक नाव होते, हेही.